वहीत होतं, यादीत नव्हतं

मामांच्या घरात द्राक्षबागेच्या फवारणीच्या वह्या अजून आहेत. दोनशेपानी, खाकी पुठ्ठ्याच्या, माडीवरच्या लोखंडी पेटीत. दर हंगामाला एक. गेल्या दिवाळीत मी त्यातली २००९-१० ची वही मागून घेतली, कारण तो हंगाम आमच्या घरात अजून 'कंटेनरचं साल' म्हणूनच ओळखला जातो. मामा म्हणाले, "ने की. पर परत आन. त्यात समदं लिवलंय."

सगळं लिहिलेलं होतं, हे खरंच. भानगड नेमकी तिथंच आहे.

परदेशी व्यापार वाढवण्यासाठी सरकार काय करतं, असं विचारलं की डोळ्यांसमोर करारावर सह्या करणारे मंत्री येतात, नाहीतर शिष्टमंडळांचे दौरे आणि गुंतवणूक परिषदेतल्या कमानी. तासगाव तालुक्यातल्या दोन एकर द्राक्षबागेवरून हाच व्यापार पाहिला तर त्याचं तोंड फार वेगळं दिसतं. तिथं सरकार म्हणजे एक यादी असते: कोणत्या औषधाचा अंश तपासायचा आणि तो किती चालेल याची.

प्लॉट सावळजच्या बाजूचा, माळाचा, तास-ए-गणेशचा. हे वाण मूळ आमच्याच तालुक्यातलं आणि नावही तासगावच्या गणपतीवरून आलेलं, त्यामुळं मामांचा त्याच्यावर जरा जास्तच जीव. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा निर्यातीसाठी नोंदणी केली होती. आधीची पंधरा वर्षं माल एकतर मुंबईच्या व्यापाऱ्याला जायचा, नाहीतर रॅकवर पडून बेदाणा व्हायचा.

नोंदणी ही साधी गोष्ट नव्हती आणि नाही. युरोपला द्राक्षं पाठवायची तर प्लॉट आधी कृषी विभागाकडे नोंदवावा लागतो. तपासणीला अधिकारी येतो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेऊन जातो. अंश मर्यादेत आले तर पुढचा रस्ता मोकळा होतो: पॅकहाउस, अ‍ॅगमार्कचा दाखला, कीड-रोगमुक्तीचा फायटो दाखला, मग न्हावा शेवा. हे सगळं 'अपेडा' या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या प्रणालीत बारकोडनं बांधलेलं. रॉटरडॅमच्या गोदामातला पॅलेट कोणत्या गावातल्या कोणत्या बागेचा, हे तिथं बसून कळतं.

ही व्यवस्था फुकट उभी राहिली नव्हती, एका जुन्या तडाख्यातून आली होती. १९९१ मध्ये राज्य सरकारच्या पाठबळावर बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप' काढली, आणि छोट्या बागायतदाराचा माल संघटितपणे युरोपला जायला लागला. पुढं २००३ मध्ये नेदरलँड्सला पोचलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेच्या वर सापडले. कंटेनर अडकले, नाव खराब झालं. त्यानंतर अंशनियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा देशाची संदर्भ प्रयोगशाळा ठरली आणि २००६ पासून ग्रेपनेट आलं. शेतमालाचा असा बागेपासून बंदरापर्यंतचा माग ठेवण्यात तेव्हा आपण खरोखर पुढं होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे घडलं ते ढिसाळ कारभारातून घडलं असं समजून हे प्रकरण वाचलं तर हातात काही लागणार नाही. व्यवस्था चांगली होती, आणि चांगली असूनच चुकली.

आता वही.

८ एप्रिल २००९, खरड छाटणी. द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी. ऑक्टोबरनंतर घड किती दिसणार, हे उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात ठरून गेलेलं असतं. त्या वेळी वेल नुसतीच वाढत सुटली, शेंडा पळत राहिला, तर डोळ्यात घड धरत नाही. म्हणून वाढ रोखायची. त्यासाठी तेव्हा घरोघरी एकच नाव होतं: सीसीसी. पूर्ण नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड. पाच पानांवर एक फवारा, सात-आठ पानांवर दुसरा. मामांच्या वहीत दोन्ही आहेत.

१२ ऑक्टोबर, फळछाटणी. आणि ११ नोव्हेंबरला फयान. ते चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, पण पाऊस आमच्याकडंही पडला. दावण्या या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं सगळा तालुका पहाटेपासून ट्रॅक्टर घेऊन बागेत. पाऊस उघडल्यावर वेल पुन्हा पळायला लागली. वहीत १६ नोव्हेंबरला तिसऱ्यांदा सीसीसी लिहिलंय, शेजारी मामांच्या अक्षरात "शेंडा लई पळतोय".

एक बारीक गोष्ट इथं बघण्यासारखी आहे. मामांनी वही दोन्ही बाजूंनी लिहिली आहे. पुढून औषधं: तारीख, रोग, औषध, मात्रा. मागून खतं, पाणी, जीए (मणी फुगवायचं संजीवक), सीसीसी. त्यांच्या हिशेबानं सीसीसी हे औषध नव्हतंच. औषध म्हणजे किडीवरचं किंवा करप्यावरचं, जे मारल्यावर बागेत जायचं नाही ते. हे संजीवक, वेलीला वळण लावणारं. आणि तेव्हा कुणी त्यांना मूर्खात काढलं असतं तर तेही बरोबर नव्हतं. द्राक्षावर वापरायला आपल्या देशात त्याला परवानगी होती, दुकानात ते उघड मिळत होतं, सल्लागारांच्या वेळापत्रकात छापलेलं होतं.

नोंदणीवेळी जो फवारणीचा तक्ता भरून द्यायचा होता, त्यात मामांनी वहीची पुढची बाजू उतरवून दिली. मागची बाजू कुणी मागितली नाही.

फेब्रुवारीत नमुना गेला. अहवाल आला: पास. ५ मार्च २०१० ला काढणी. सोळापेक्षा जास्त गोडी, अठरा मिलिमीटरच्या वरचा मणी, अर्ध्या किलोच्या डब्या, दहा डब्यांची पेटी. दोन एकरांतला ९ टन माल निवडला गेला. उरलेला रॅकवर. भाव ठरला होता किलोला ४२ रुपये. त्यातले १२ गाडी भरताना मिळाले, म्हणजे एक लाख आठ हजार. बाकीचे दोन लाख सत्तर हजार माल तिकडं विकल्यावर. साधारण १३ टनांचा कंटेनर भरायला शेजारच्या एका बागेचा मालही त्यात चढला. त्या दिवशी मामींनी निर्यातदाराच्या सुपरवायझरला पुरणपोळी खाऊ घातली होती, हे मामी अजून सांगतात आणि अजून चिडतात.

जहाज रॉटरडॅमला पोचायला तीनएक आठवडे. एप्रिलमध्ये फोन आला.

युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत सीसीसी सापडलं होतं. एका कंटेनरमध्ये नाही, एकामागून एक. तिथं द्राक्षासाठी मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा डोक्यात बसावा म्हणून हिशेब करून पाहिला: वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. मामांचा कंटेनर तेरा टनांचा, म्हणजे अख्ख्या कंटेनरमध्ये पाऊण ग्रॅमही चालणार नव्हतं. आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत १०९ दिवस गेले होते. एवढ्या दिवसांत काय उरणार, असं कुणालाही वाटेल. पण हे रसायन वेलीत टिकतं, खोडाकाडीत साठतं आणि तिथून फळात उतरतं.

मग आपल्या प्रयोगशाळेनं 'पास' कसं दिलं?

पहिलं उत्तर सरळ आहे. सीसीसी तपासायच्या यादीत नव्हतं. जे यादीत नाही ते तपासलं गेलं नाही आणि अहवाल खराही होता: यादीतल्या सगळ्या रसायनांसाठी माल पास होता. दुसरं उत्तर रसायनशास्त्रातलं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. शेकडो कीटकनाशकं एका दमात तपासायची तर द्राक्षांचा लगदा इथाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकात घोळवतात. अंश त्या द्रावकात उतरतात आणि मग यंत्रावर मोजले जातात. सीसीसी मात्र मिठासारखं, पाण्याला धरून राहणारं. ते त्या द्रावकात येतच नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लावावी लागते, आणि वेगळी पद्धत लावायची तर आधी कुणाच्या तरी मनात यायला हवं की हेही शोधू या. म्हणजे यादीत नसलेली गोष्ट योगायोगानंही सापडण्याची सोय नव्हती.

आता युरोपची बाजू. आमच्याकडे तेव्हा एक समज पसरला की गोऱ्यांनी मुद्दाम विष शोधून काढलं, आपला माल पाडायला. गावच्या चौकात हे बोलायला बरं वाटतं. पण खरं त्याहून रुक्ष आहे. हेच सीसीसी युरोपातले शेतकरी गव्हावर सर्रास मारतात, ताट उंच होऊन लोळू नये म्हणून. गव्हात त्याची मर्यादा द्राक्षापेक्षा कितीतरी पट ढिली होती. मग द्राक्षात एवढी कडक का? कारण तिकडं द्राक्षावर ते वापरत नाहीत. ज्या पिकावर ज्या औषधाच्या वापराची नोंद नाही, तिथं मर्यादा आपोआप खाली बसते, जेवढं यंत्राला खात्रीनं मोजता येतं तेवढ्यावर. ०.०५ चा अर्थ 'याच्या वर गेलं की माणूस आजारी पडतो' असा नव्हता. 'याबद्दल आमच्याकडे कुणी काही मागितलेलं नाही' असा होता.

मागता येतं. त्यासाठी वाट आहे. आमच्या देशात हे औषध या पिकावर असं वापरलं जातं, त्याचे अंश एवढे उरतात, त्यापासून धोका नाही याच्या चाचण्या या, असा प्रस्ताव देऊन आयातीपुरती मर्यादा वाढवून घेता येते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारानुसार देशांना आपापल्या मर्यादा ठेवायचा अधिकार आहे, पण शास्त्रीय आधारानं. आधार आपण पुरवायचा असतो, आणि त्याला प्रक्षेत्र चाचण्या, पैसे आणि दोन-तीन वर्षं लागतात. परदेशी व्यापाराला चालना देणं म्हणतात ते कामाच्या रूपात असं दिसतं: चार ठिकाणच्या बागांत मोजून फवारलेलं सीसीसी आणि त्याच्या अहवालांचा गठ्ठा. त्याचे फोटो पेपरात येत नाहीत.

उलट, ज्यांचे फोटो येतात अशा गोष्टी जिल्ह्यानं भरपूर पाहिल्या आहेत. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर पलूसला वाइन पार्क आलं. रांजणीच्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून लांबच्या कोरड्या बंदराची, चर्चा तर कितीतरी वर्षं झाली. मी या योजनांची टिंगल करत नाही. कंटेनर जिल्ह्यातच सीलबंद झाला तर कुणाला नको आहे? पण २०१० च्या एप्रिलमध्ये रांजणीला बंदर असतं, तरी मामांचा माल त्या बंदरातून निघून तिकडं असाच अडकला असता.

फोननंतर काय झालं ते थोडक्यात. दोन लाख सत्तर हजार आले नाहीत. निर्यातदाराचं म्हणणं, माल नाकारला गेला, माझेच बुडाले. त्याचेही बुडाले असणार. आधी त्यानं कागद दाखवला, मग फोन उचलणं बंद केलं. कागदावर पॅलेटचा नंबर, त्यावरून प्लॉटचा नंबर, त्याखाली मामांचं नाव. ग्रेपनेटनं आपलं काम चोख केलं होतं. हजारो किलोमीटरवरच्या गोदामातून माग निघाला आणि बरोबर सावळजच्या माळावर येऊन थांबला. पुढं तो गेलाच नाही. औषधाच्या परवानगीपर्यंत नाही, वेळापत्रक छापणाऱ्यापर्यंत नाही, यादी करणाऱ्यापर्यंत नाही. 'तुम्ही सीसीसी मारलंत' एवढंच त्या मागाचं म्हणणं.

"मारलं हुतं की," मामा म्हणतात. "म्या कुठं न्हाई म्हनतोय? पर इचारलं कुणी?"

सोसायटीचं कर्ज त्या वर्षी नव्याजुन्याचं झालं. बेदाण्यानं थोडा हात दिला. धाकट्या मामेभावाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं, त्याची फी माझ्या आईनं भरली. ती गोष्ट आमच्याकडे बोलायची नाही असा अलिखित नियम आहे, म्हणून इथं लिहून टाकतो.

चूक कुणाची, यावर मी बरेच दिवस एका बाजूला होतो. मला वाटायचं, मांजरीच्या शास्त्रज्ञांनी ओळखायला हवं होतं. अख्खा तालुका एखादी गोष्ट फवारतो आणि देशाच्या संदर्भ प्रयोगशाळेला पत्ता नसतो, हे कसं? आता तसं म्हणवत नाही. यादी कशी तयार होते ते बघितलं की कळतं, ती बाहेरून आत येते. युरोपात काय सापडलं, त्यांनी कशाची मर्यादा बदलली, कशावर इशारा दिला, त्यावर आपली यादी वाढते. २००३ मध्ये कीटकनाशकानं फटका दिला म्हणून सगळ्यांच्या नजरा कीटकनाशकांवर. ज्या दारातून चोर आला होता त्याला तीन कुलपं, खिडकीकडे लक्ष नाही. आतून बाहेर जाणारी वाट, म्हणजे बागेत खरोखर काय काय पडतं ते गोळा करून यादीशी ताडून बघणं, हिची जबाबदारी कुणाच्याच कामात लिहिलेली नव्हती. कृषी सहाय्यकाला सीसीसी माहीत होतं. दुकानदाराला माहीत होतं. सल्लागार तर सांगतच होता. निर्यातदाराच्या सुपरवायझरच्या स्वतःच्या घरची बाग होती, तोही मारत असणार. माहिती कुणी लपवलीच नव्हती. फक्त ती वहीच्या मागच्या बाजूला होती.

आणि मामांकडेही एक चूक जाते, ती त्यांनी स्वतः कबूल केली आहे. तिसरा फवारा. निर्यातीच्या प्लॉटवर फयाननंतर तो मारायला नको होता. शेंडे हातानं खुडता आले असते, पाणी तोडता आलं असतं. पण पंधरा बायका लावून शेंडे खुडायचे तर मजुरी, आणि पावसानंतर सगळ्यांनाच त्याच आठवड्यात बायका हव्या होत्या. सीसीसी एका सकाळी होऊन जातं.

पुढच्या हंगामापासून सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. तिथूनही एक वर्ष धाकधुकीचं गेलं. मामांनी फवारा बंद केला, पण आधीच्या वर्षीचं खोडात मुरलेलं फळात येईल की काय, हे सांगता येईना. त्यांनी अधिकृत नमुन्याच्या आधी स्वतःच्या खर्चानं एक नमुना पुण्याला पाठवला. त्या पावतीची पिन अजून वहीत गंजते आहे. हळूहळू बागायतदारांनी पद्धत बदलली. एप्रिल छाटणीनंतर सबकेन काढणं, म्हणजे शेंडा खुडून बगलेची काडी वाढवणं, वेळेवर शेंडा मारणं, पाण्याचा ताण, घडनिर्मितीसाठी सिक्स-बीए आणि युरासिल. ज्याला 'याशिवाय द्राक्षच होत नाही' असं सगळे म्हणत होते, ते निर्यातीच्या बागेतून चार-पाच हंगामांत गेलं. नेदरलँड्स आजही आपल्या द्राक्षांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणजे व्यवस्था शिकली. शिकण्याची फी ज्यांनी भरली, त्यांची नावं बारकोडमध्ये होती.

२०१७ मध्ये ग्रेपनेटच्या जोडीला हॉर्टिनेट आलं. नोंदणी, तपासणी, नमुना, सगळं मोबाइलवर. चांगली सोय आहे. मी मामेभावाच्या फोनवर बघितलं, औषधांची नावं यादीतून निवडायची असतात. यादीत नसलेलं काही मारलं असेल तर काय करायचं, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "मारायचंच नाही ना."

बरोबर आहे. तरी एक शंका माझ्या डोक्यातून जात नाही. आता करारांचे दिवस आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियाशी त्याच वर्षाच्या डिसेंबरात, ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. शुल्क कमी होणं ही मोठी गोष्ट आहे. चिली किंवा दक्षिण आफ्रिकेचा माल त्यांच्या करारांमुळे युरोपात शुल्काविना उतरतो आणि आपला शुल्क भरून त्याच्या शेजारी मांडला जातो, ही आपल्या बागायतदाराची जुनी तक्रार आहे. पण करारात शुल्क शून्यावर आलं म्हणून ०.०५ चं ०.०६ होत नाही. तो आकडा दुसऱ्याच टेबलावर ठरतो, आणि त्या टेबलावर कोण बसतं, बसताना हातात कोणत्या गावाच्या वह्या असतात, याबद्दल सह्यांच्या दिवशी कुणी बोलत नाही.

मी वही परत द्यायला गेलो तेव्हा खरड छाटणी होऊन पंधरवडा झाला होता. दोन एकरांतला एक एकर आता बेदाण्यासाठीच ठेवलाय, एक निर्यातीला. मामा सत्तरीच्या पुढं गेलेत, मोबाइल मामेभाऊ बघतो, पण वही मामांचीच. यंदाची उघडून दाखवली. आता एकाच बाजूनं लिहितात. औषध, खत, पाणी, जीए, पंचगव्य, सगळं एका रांगेत, तारखेनं. मध्येच एका ओळीत "शेजाऱ्यानं २,४-डी मारलं, वारं आपल्याकडं हुतं" असं शेजारच्या तणनाशकाबद्दलही लिहिलंय.

"हे भाऊच्या मोबाइलमध्ये टाकता येत नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई येत," ते म्हणाले. "रकाना न्हाई." आणि वही पेटीत ठेवून कुलूप लावलं.